सत्तावीस नंबरची माती

सत्तावीस नंबरची माती स्वच्छ होती. निर्दोष या अर्थाने नव्हे, तो निकाल नंतर यंत्र देतं. नुसती स्वच्छ, आंघोळ घालून भांग पाडलेल्या मुलासारखी. मी तीन वर्षं या प्रयोगशाळेत माती चाळतो आहे आणि तेवढ्या अधिकाराने सांगतो, मातीला हे जमत नाही. माती चाळली की चाळणीवर तिचा संसार उरतो. केसासारखी मुळं, अर्धी मुंगी, गोगलगायीच्या शंखाचा टवका, कधी शर्टाचं बटण. एकदा कुणाचा तरी दात उरला होता, तो आम्ही रीतसर पत्र लिहून परत पाठवला, आणि रीतसर पत्राने उत्तर आलं की दात आमचा नाही. सत्तावीस नंबरची माती मात्र चाळणीतून मुकाट्याने खाली उतरली. दाणे एका मापाचे, करडे, कोरडे, एकमेकांशी भांडण नसलेले. चाळणीवर उरली एक बी. मी ती चिमट्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरली. लिंबाची होती. शेतात लिंबाची बी सापडू नये असा काही कायदा नाही, म्हणून मी ती काचेच्या बशीत ठेवली, वहीत ‘बी, एक’ असं लिहिलं आणि कामाला लागलो. पण मानेच्या मागे काहीतरी टोचत राहिलं. शर्टाचं लेबल टोचतं तसं. आणि मी लेबलं कापूनच शर्ट घालतो.

आमचं काम चारचौघांत सांगायला अवघड आहे. मी असं सांगतो की आम्ही मातीला एकच प्रश्न पाच वेळा विचारतो आणि दर वेळी सभ्यता कमी करत नेतो. मातीत कॅडमियम हा विषारी धातू किती, एवढ्यावर भागत नाही. खाणीशेजारच्या मातीत ते असायचंच. त्यातलं किती बसून आहे आणि किती निघायच्या तयारीत आहे, हे महत्त्वाचं. बसलेलं दगडाच्या पोटात हजार वर्षं बसतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निघणारं मात्र पाण्याचा घोट मिळाला की मुळाला बिलगतं, मुळातून पानात जातं, पानातून ताटात, आणि ताटातून कुठे जातं ते डॉक्टर सांगतात. म्हणून आधी साध्या पाण्यात माती घुसळून नम्रपणे विचारायचं, कुणी बाहेर येतंय का? मग मिठाच्या पाण्यात, जरा सरकता का? मग सौम्य आम्लात, थोडं टोचून. चौथ्यांदा तापवून, दरडावून. पाचव्यांदा कडक आम्लात उकळायचं, म्हणजे पोलिसी खाक्या; तेव्हा दगडसुद्धा आजोळचं नाव सांगतो. पहिल्या दोन प्रश्नांना जे उठून येतं, भीती त्याची. त्या दिवशी सव्वीस नंबरने पहिल्याच प्रश्नाला हात वर केला. अठ्ठाविसानेही केला. पंचविसावा तर विचारायच्या आधीच बोलायला लागला होता. सत्तावीस गप्प. पाणी: काही नाही. मीठ: काही नाही. सौम्य आम्लात ओठ हलल्यासारखे वाटले, बस. आणि पाचव्या प्रश्नाला मात्र त्याच्या पोटातून शेजाऱ्यांइतकंच भरभरून निघालं. म्हणजे घरातली सगळी म्हातारी माणसं जागच्या जागी, आणि तरुण तेवढे एका दिवसात नाहीसे. असं गाव मी पाहिलेलं आहे. किंबहुना त्या गावातून पहिल्याच प्रश्नाला जे उठून निघाले त्यांतला एक मी. पण ते धातूंना लागू करायला माझं मन तयार होईना.

चाळीस नमुने होते, बंद पडलेल्या एका खाणीभोवतालच्या चाळीस शेतांचे, आणि ती खाण माझ्या गावची. म्हणूनच मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळी नावं काढून नुसते नंबर ठेवले होते. “तुझं गाव आहे. नंबर बघ, माणसं बघू नकोस,” त्या म्हणाल्या होत्या, आणि त्याच दमात, आवाज न बदलता, “या अहवालावर सही तू करायची आहेस. या महिन्यापासून तुला अधिकार दिला आहे.” ही माझी पहिली सही. तीन वर्षं मी माती चाळली आणि दुसऱ्यांनी सह्या केल्या. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यातल्या एका दुकानात पेन घ्यायला शिरलो, चार पेनं कागदावर चालवून पाहिली आणि दुकानदाराने कागद बघून विचारलं, “सगळीकडे एकच नाव लिहिताय, हरवलंय का कुणी?” आता यंत्रासमोर उभं राहून माझ्या लक्षात आलं की ज्या कागदावर मी ती सही करणार आहे त्यावर चाळीस शेतांपैकी एकच शेत स्वच्छ म्हणून लागणार. एकोणचाळीस शेतांना पालेभाजी बंद, एकाला चालू. मी कचऱ्याच्या टोपलीशी गेलो. नमुने ज्या पिशव्यांतून येतात त्या तिथे पडतात. प्लास्टिकच्या पिशव्यांत मधोमध एक कापडी होती, पांढरी, इस्त्री केलेली, तोंड शिवून बंद केलेलं, त्यावरच दोऱ्याने सत्तावीस नंबराचा बिल्ला टाचलेला. ती पिशवी नव्हतीच. तो खिसा होता. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग. हा डाग मी तिसरीत असताना पाडला. आईने तो चार वर्षं साबणाने, मिठाने, ताकाने, उन्हाने आणि शेवटी शिव्यांनी काढायचा प्रयत्न केला, पण तो निघाला नाही. तो बसलेल्यांपैकी. माणसं बघायची नाहीत असं ठरलेलं असताना माझ्या हातात माझ्या गणवेशाचा खिसा होता.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट बाहेर पाठवायची तर धुऊन. खाण चालू होती तेव्हा करडी धूळ सगळीकडे बसायची, आणि बाहेरगावचे लोक आमच्याकडचं काहीही हातात घेतलं की नकळत हात झटकायचे. ते झटकणं गावाला झोंबलं. मग भाज्या धुऊन, पोती धुऊन, गाई धुऊन, माणसं धुऊन बाहेर जायला लागली. मला शहरात शिकायला पाठवलं तेव्हा आईने ट्रंक आतून बाहेरून धुतली, ती वाळेना म्हणून मी एक दिवस उशिरा आलो, आणि वसतिगृहाच्या रजिस्टरात उशिराचं कारण म्हणून ‘ट्रंक ओली’ असं लिहिलं. खाण बंद होऊन बारा वर्षं झाली तरी धुणं बंद झालं नाही. त्यातून बाबा तर धुलाईखात्यातले. खाणीतून दगड वर आला की तो भरडून धुवायचा, म्हणजे जड धातू खाली बसतो आणि हलकी माती वरून वाहून जाते. ते काम बाबांनी एकतीस वर्षं केलं. धुतल्यावर जे टाकायचं ते टाकून टाकून टेकडी झाली, शाळेपेक्षा उंच, झाड नसलेली. गावात तिला टेकडीच म्हणतात, दुसरी नाहीच. लहानपणी बाबा मला तिच्याकडे बोट करून सांगायचे, “ही मी केलेली आहे.” दुसऱ्या मुलांच्या वडिलांनी कुणी भिंत बांधलेली, कुणी कपाट केलेलं. माझ्या बाबांनी टेकडी केलेली. मी वर्गात सांगितलं, मास्तरांनी छडी दिली, बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाले, “खरं आहे त्याचं, एकट्याने नाही, पण आहे.” शंभरातले सत्तर भाग धातू आम्ही काढतो असं ते सांगायचे, आणि एका वर्षी एकाहत्तर काढला होता, तेव्हा व्यवस्थापकाने हात मिळवला होता. उरलेल्या तीस भागांचं काय झालं हे मी तेव्हा विचारलं नाही. आता पगार घेऊन विचारतो. ते टेकडीवर बसले, पाण्याबरोबर उतरले, आणि टेकडीच्या पायथ्याचं पहिलं शेत आमचं.

शिवाय यात माझाही हात होता. गावोगावी वाटलेलं ‘नमुना कसा घ्यावा’ हे पत्रक मी लिहिलं होतं. ते माझं एकमेव प्रकाशित लिखाण आहे. त्यात मी लिहिलं होतं की स्वच्छ खुरप्याने, स्वच्छ घमेल्यात, स्वच्छ हातांनी, स्वच्छ पिशवीत. चार वेळा स्वच्छ. माती जशी आहे तशीच ठेवा, असं मात्र कुठेही नव्हतं, कारण माणूस माती बदलेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे धुतलेल्या भांड्यांचा विचार करत होतो. बाबांनी पत्रक वाचलं असणार, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलं असणार, आणि त्यांच्या मनात आलं असणार की ज्या लोकांना खुरपंसुद्धा स्वच्छ लागतं त्यांच्याकडे माती तशीच कशी पाठवायची. मी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला, अग्निशामक बादल्यांपाशी जाऊन घरी फोन लावला. ठरवलं होतं की साध्या पाण्याने सुरुवात करायची.

“बाबा, नमुना कुठून काढलात?”

“शेतातून. अजून कुठून काढणार, शेजाऱ्याच्या?”

“नाही, कसा काढलात ते विचारतोय.”

“तू लिहिलंयस तसाच. पाच ठिकाणची, अर्धा फूट खोल, एकत्र करून. कागद समोर ठेवला होता. छान लिहिलायस हं कागद.”

“मग?”

“मग काय? वाळवली, भरली, पाठवली.”

“वाळवली म्हणजे ओली होती?”

पलीकडून पंख्याचा आवाज, आणि ताईच्या मुलीचा, चिमणीचा, कुणाला तरी मोजायला शिकवत असल्याचा आवाज. ताई नोकरीच्या गावी असते आणि चिमणी आजी-आजोबांकडे. ती पाच वर्षांची आहे आणि तिला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं असं तिचं मत आहे.

“बाबा, ओली कशाने झाली?”

“तू पोलिसात कधी लागलास?”

फोन आईकडे गेला. पाचवा प्रश्न विचारायची पाळीच आली नाही. आई म्हणाली, “अरे, घरात सहा लिंबं होती, तीन गेली. मी म्हटलं सरबत करताय का, तर म्हणाले, मुलाच्या ऑफिसात जायचंय तिला. मी म्हटलं कोणाला? तर म्हणे मातीला. दोन दिवस अंगणात बसून धूत होते, पाणी बदलून बदलून. पहिल्यांदा साध्या पाण्याने, मग लिंबाने, मग परत साध्या. मला म्हणतात तांब्याची भांडी तू कशाने घासतेस, सांग. आता मी काय सांगणार, मला वाटलं भांडी घासायला निघाले. मी आनंदाने सांगितलं.” मग फोन परत बाबांकडे. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “मळकट ती तशीच तुझ्या साहेबांपुढे जाणार? तिथे तुझं नाव आहे.” आणि लगेच, “स्वच्छ आली ना?”

“आली,” मी म्हणालो.

“एकदम?”

“एकदम.”

“बघ,” ते म्हणाले, आणि फोनवरसुद्धा दिसलं की त्यांनी पाठ ताठ केली. खरं सांगायचं तर मीही केली. अग्निशामक बादल्यांसमोर उभं राहून माझी छाती अशा गोष्टीसाठी फुगली होती जी मला दुपारी मोडून काढायची होती. आमच्याकडे फिरवायची यंत्रं आहेत, गाळायचे कागद आहेत, तापमान धरून ठेवणारी पेटी आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्या इतक्या कोऱ्या करून दाखवणं आमच्यापैकी कुणालाही हाताने जमलं नसतं. आणि हेही तितकंच खरं होतं की तो कागद तसाच गेला तर आमचा पालक गावातला एकमेव अधिकृत पालक होईल, एकोणचाळीस घरं तोच विकत घेतील, आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत जास्त तो चिमणी खाईल, कारण तिला तो आवडतो. मुलांना पालक आवडत नाही असं म्हणतात. आमच्या घरात नेमकं उलटं निघालं.

मॅडमच्या खोलीत एक खुर्ची आहे जिच्यावर बसलं की माणूस त्यांच्यापेक्षा चार बोटं खाली येतो. मी उभाच राहिलो. “सत्तावीस कुणाचा आहे हे तुला माहीत असायला नको,” त्या आकडे बघत म्हणाल्या. मी म्हटलं, नकोच. “माहीत आहे?” मी म्हटलं, आहे. “मग?” मी म्हटलं, तो धुतलेला आहे. त्यांनी चष्मा काढला. “माती धुतात?” “आमच्याकडे धुतात.” “कशाने?” “लिंबाने.” त्यांनी चष्मा परत घातला आणि आकडे पुन्हा पाहिले. हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या असत्या तर मला राग आला असता, हे मला तेव्हाच कळलं आणि जरा विचित्र वाटलं. त्या म्हणाल्या, “लिंबातल्या आम्लाने माती धुवायची पद्धत लोक प्रयोगशाळांतून करून बघतात. महाग पडते. धुतलेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न सुटत नाही. तुझ्या वडिलांनी पाणी कुठे टाकलं?” मी म्हटलं, विचारलं नाही. “ते विचारायचं असतं,” त्या म्हणाल्या. “नमुना रद्द कर, नवीन मागव. आणि स्वतः जा. हे फोनवर सांगायचं नाही.” दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाल्या, “पत्रक कोणी लिहिलं होतं?” मी म्हटलं, मी. “सुधार.”

रविवारी गेलो. बसमधून टेकडी आधी दिसते, मग गाव. लहानपणी ती दिसली की घर आलं असं वाटायचं. या खेपेला मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात अंदाज बांधत होतो, किती टन, किती टक्के, किती निघणारं. माणूस शिकला की त्याची आठवणसुद्धा चाळणीतून पडायला लागते. घरी पोचलो तर बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात. मी साहेब म्हणून आलो आहे की मुलगा म्हणून, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले, मग मी उठलो तर तेही बसेनात, आणि आम्ही दोघं रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे. मी विचारलं, पाणी कुठे टाकलंत? ते इतके दुखावले की त्यांचा चेहरा लाल झाला. “धुलाईचं पाणी टाकायचं नसतं. एकतीस वर्षांत एक तांब्या टाकला नाही मी. निवळायला ठेवायचं असतं.” जिन्याखाली बादली होती, वर ताट झाकलेलं, ताटावर दगड, आणि भिंतीवर खडूने बाण काढून लिहिलं होतं: ‘धुलाईखाते. हात लावू नये.’ चिमणी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आजोबांनी त्याच्यात टेकडी विरघळवली आहे.” मी बाटली भरून घेतली. बाबांनी न विचारताच कसं धुतलं ते करून दाखवलं, घमेलं जरा तिरकं धरून, मनगट असं काही फिरवत की पाणी वर्तुळात चढायचं आणि दाणा न सांडता काठावरून उतरायचं. त्या मनगटाला मी ओळखतो. त्याच लयीत ते मला झोपवायचे म्हणे, आणि आई सांगते की मीही तळाशी बसल्यासारखा झोपायचो.

सांगायचं कसं हे मी बसमध्ये पाठ केलं होतं. शेतात गेलो तेव्हा ते वाफ्यांमधून पुढे चालत होते, पालक दाखवत, पानं हाताच्या पंजाएवढी, काळपट हिरवी, इतकी देखणी की कुणी तक्रार करावी असं त्यांच्यात काही नव्हतं. “आता यादी लागली की लोक इथे रांग लावतील,” ते म्हणाले. “वरच्या आळीतला तो, माझ्या शेताला टेकडीचं शेपूट म्हणतो ना, तोही येईल. देईन त्यालाही. जुडी थोडी लहान देईन.” चिमणीने चालता चालता एक पान खुडलं, फ्रॉकला पुसलं आणि तोंडाकडे नेलं. पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि माझा हात मध्ये गेला. पान तिच्या ओठांपासून हिसकावलं, जरा जोरातच, तिच्या बोटांना लागलंसुद्धा. ती रडली नाही, आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिली. बाबांनीही पाहिलं. ताटात दाणा उरला तर उठू न देणारा माणूस. त्यांनी माझ्या हातातल्या चुरगळलेल्या पानाकडे पाहिलं, मग टेकडीकडे, मग स्वतःच्या मनगटाकडे. मग ते वाफ्याच्या बांधावर बसले. धुतलेल्या सदऱ्यानिशी.

“मी धुतली म्हणून स्वच्छ आली,” ते म्हणाले. मला काही सांगावंच लागलं नाही.

“हो.”

“म्हणजे मी लबाडी केली.”

“नाही. तुम्ही काढलंत ते सगळं. ते मातीत होतं आणि तुम्ही काढलंत. तुमच्या बादलीत आहे.”

“आणि या सगळ्यात आहे,” त्यांनी वाफ्यांवरून हात फिरवला. “टेकडीतलं?”

“टेकडीतलं.”

चिमणी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि झाल्या प्रकाराबद्दल माझ्याकडे पाठ केली. शेवटी ते म्हणाले, “आमच्या हातून सुटलेलं,” आणि माझ्या मनात आलं की आता हे खचतील, आणि मी कुठला तरी मऊ शब्द शोधायला लागलो. पण ते उठून उभे राहिले आणि वाफ्याच्या टोकापासून पालक उपटायला लागले. एक एक, मुळासकट, माती झटकून, ओळीने ठेवत. जुड्या बांधत. फेकायच्या मालाच्यासुद्धा जुड्या एकसारख्या बांधतात हे मी त्या दिवशी पाहिलं. मीही बसलो. संध्याकाळपर्यंत वाफे मोकळे झाले आणि आईने आम्हा तिघांना दारातच उभं करून पाण्याने धुतलं.

सोमवारी बादलीचं पाणी यंत्राला दिलं. मंगळवारी परत दिलं, बुधवारी मॅडमनी स्वतः दिलं. मग मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. “बाबा, मातीत जेवढं निघण्यासारखं होतं, त्यातलं शंभरात ब्याण्णव तुम्ही काढलंत.” मग, “किती?” “ब्याण्णव.” “दोनदा मोजलंस?” “तीनदा.” ते फोन बाजूला धरून आईला म्हणाले, “ब्याण्णव,” आणि आई म्हणाली, “कुणाचं वय?” परत माझ्याशी, अगदी सावकाश, “आमचा विक्रम एकाहत्तर होता. तेही चार हौद, दोनशे माणसं आणि वीज.” मी म्हटलं, माहीत आहे. “मग अख्ख्या शेताला किती लिंबं लागतील?” मी हसलो, पण ते वाट बघत होते, म्हणून हिशोब केला. एक एकर, अर्धा फूट खोल, नऊ लाख किलो माती, किलोला तीन लिंबं. “सत्तावीस लाख.” ते विचारात पडले. ज्या माणसाने टेकडी केलेली आहे त्याला मोठे आकडे नुसते वेळखाऊ वाटतात. “एक बी तुझ्याकडे आहे म्हणालास ना रविवारी?” “आहे.” “मग सत्तावीस लाखांना एक कमी. जपून ठेव.” मी त्यांना समजावलं की असं शेत धुता येत नाही, त्यातला कसही धुऊन जातो, दुसरे उपाय आहेत, मॅडम लिहून देणार आहेत, काय पेरायचं आणि काय नाही, वर्षं लागतील. ते म्हणाले, “लागू देत. एकतीस वर्षांतलं राहिलेलं काम आहे ते. पण ब्याण्णव हा आकडा लिहून दे मला कुठेतरी.” चिमणीची तपासणी ताईने येऊन करून घेतली, चिमणीने आपली लघवीची बाटली रांगेत सगळ्यांना दाखवली. प्रमाण थोडं वर होतं, घाबरण्याइतकं नाही, पालक बंद, तीन महिन्यांनी परत. त्या कागदाची घडी मी पाकिटात ठेवली आहे आणि दिवसातून दोनदा उघडतो, आकडा बदलला असेल म्हणून.

नवा नमुना शुक्रवारी आला. दुसरा खिसा. गणवेशाला दोनच होते. तोंड शिवलेलं, नंबराचा बिल्ला टाचलेला, पण इस्त्री नाही, आणि पांढऱ्या कापडावर मातीच्या अंगठ्याचा ठसा, चुकून पडलेला नव्हे, दाबून उमटवलेला. माती काढली. सत्तावीस नंबरची माती घाण होती. इतकी घाण माती मी आजवर पाहिलेली नाही. ढेकळं, मुळांचे केस, पालकाचं तुटलेलं देठ, तीन मुंग्या, त्यांतली एक चालती, गोगलगायीचा अख्खा शंख, आणि ओलसर अंधारा वास, जो मला शाळेच्या दप्तरातून यायचा आणि ज्याची मला शहरात पहिली दोन वर्षं लाज वाटायची. जशी होती तशी. तिने काही म्हणजे काही लपवलेलं नव्हतं. चालती मुंगी मी खिडकीत नेऊन सोडली, बाकीच्यांची वहीत नोंद केली, आणि वाळवून, चाळून, तोलून तिला अदबीने पहिला प्रश्न विचारला. ती लगेच उठून आली, सगळीच्या सगळी, चाळीस शेतांत कुणी बोललं नाही एवढं बोलली. चाळिसांतला सगळ्यांत मोठा आकडा आमचा. मी तो यादीत सगळ्यांत वर लिहिला. शेवटच्या पानावर, नियमात बसेल अशा बारीक अक्षरात, मॅडमना विचारून एक टीप घातली: सत्तावीस क्रमांकाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने एक किलो माती धुऊन निघण्याजोगा धातू शंभरात ब्याण्णव भाग वेगळा केला, धुलाईचे पाणी राखून ठेवले. मॅडम म्हणाल्या, अशा अहवालात अशी टीप कधी नसते. मग त्यांनी स्वतःच ‘एक किलो’च्या आधी ‘केवळ’ हा शब्द घातला. ही यादी गावात फळ्यावर लागेल, आणि बाबा दाढी करून तिथे जाऊन उभे राहतील, वरच्या आळीतला आला की त्याला बोटाने आधी पहिली ओळ दाखवतील आणि मग शेवटचं पान. मी पेन काढलं. सही जरा मोठी केली, चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून.